चवळी, कॉलर्ड आणि भात: साउदर्न जेवण घरी करताना नेहमी पडणारे प्रश्न

दर वर्षी नाताळ संपला की माझा फोन सुरू होतो. अटलांटाजवळ राहून आता चौदा वर्षं झाली, १ जानेवारीला आमच्याकडे हे जेवण असतं हे ओळखीतल्या सगळ्यांना कळलंय, मग चवळी किती भिजवू, तो पाला कुठे मिळतो, हॅम नको तर काय घालू, हेच हेच प्रश्न येत राहतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. यंदा कोणी विचारलं की हेच पाठवून देणार.

हे साउदर्न जेवण म्हणजे ताटात नक्की काय काय असतं?

जॉर्जिया, दोन्ही कॅरोलायना, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातलं घरगुती जेवण. कडधान्य, भरपूर शिजवलेला पाला आणि भात. बाजूला मक्याचा कॉर्नब्रेड आणि तिखट व्हिनेगरची बाटली. कडधान्य बहुतेक वेळा ब्लॅक-आय्ड पीज, पाला म्हणजे कॉलर्ड, आणि चवळी-भात एकत्र केला की त्याला म्हणतात हॉपिन जॉन. साउथ म्हटलं की लोकांना फक्त फ्राइड चिकन आठवतं, पण इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आठवडाभर चुलीवर काय असायचं, तर पीज आणि ग्रीन्स. उसळ, पालेभाजी, भात, भाकरी, यादी आपलीच वाटते ना, पण चव अजिबात ती नाही हे आधीच सांगतो, नंतर माझ्या नावाने ओरडू नका.

ब्लॅक-आय्ड पीज म्हणजे आपली चवळीच ना?

हो, तीच. डोळ्यावर काळा ठिपका असलेली पांढरी चवळी. नावात पीज असलं तरी मटाराशी काही संबंध नाही. चवळी मूळची आफ्रिकेतली, तिथून हजारो वर्षांपूर्वी भारतात आली, आणि पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवून आणलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत आली. म्हणजे तुमच्या आजीच्या डब्यातली चवळी आणि शेजारच्या मिसच्या पातेल्यातली चवळी एकाच घरातून निघून दोन दिशांना गेलेल्या बहिणी आहेत. (इथे साउथमध्ये वयाने मोठ्या बाईला मिस आणि पुढे तिचं पहिलं नाव असं म्हणतात, आपल्या काकूसारखं. मी तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही, पण पुढे मिस म्हटलं की तीच समजा, हे जेवण मला तिनेच शिकवलं.)

एक बारीकशी गंमत म्हणजे साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहराकडचा जुना हॉपिन जॉन या पांढऱ्या चवळीचा नव्हताच, तो बारीक लाल पीजचा होता. १८४७ साली सेरा रटलेज यांच्या पाकपुस्तकात ही कृती छापली गेली तेव्हा माप होतं एक पिंट लाल पीज, एक पिंट तांदूळ आणि एक पौंड बेकन. आपल्याकडे जी बारीक लाल चवळी मिळते ती याच जातकुळीतली, आणि मला तरी तिची मातकट चव पांढरीपेक्षा या पदार्थात जास्त आवडते. इंडियन ग्रोसरीत मिळाली तर सोडू नका.

मग सरळ चवळीची उसळ करून भाताबरोबर वाढली तर काय बिघडलं?

काहीच नाही, पण मग ती उसळ झाली. मी पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं होतं. मिसने कृती सांगितली, मी मान डोलावली, आणि घरी येऊन मोहरी-हिंगाची फोडणी, गोडा मसाला, वर चमचाभर गूळ. तिला वाटीभर नेऊन दिली. तिने खाल्ली, दोन घास खाऊन म्हणाली, "वेल, दॅट्स डिफरंट." इथल्या भाषेत याचा अर्थ काय होतो ते मला कळायला दोन वर्षं लागली.

तर मुद्दा असा की हात आवरायचा. हळद नाही, जिरं नाही, आलं नाही. फक्त कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, लसूण, तमालपत्र, थोडा थाइम, मिरी, लाल मिरची आणि धुराचा वास. आपल्याला सवय अशी की चव कमी वाटली की चमचाभर मसाला ढकलायचा, इथे चव कमी वाटली तर झाकण ठेवून अजून वीस मिनिटं थांबायचं. मसाल्याचं काम इथे वेळ करतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

सहा जणांसाठी किती काय लागेल?

सुकी चवळी १ पौंड (साधारण ४५० ग्रॅम), सहा जण खाऊन थोडी उरते, उरायलाच हवी. कॉलर्डच्या दोन मोठ्या जुड्या, म्हणजे किलोभर पाला, बघून वाटेल एवढा कोण खाणार पण तो बसतो. तांदूळ २ कप. मोठे कांदे दोन, सेलरीच्या दोन काड्या, हिरवी ढोबळी मिरची एक, लसणीच्या सहा-सात पाकळ्या, तमालपत्रं दोन, सुका थाइम एक छोटा चमचा, मिरपूड, चिली फ्लेक्स, ॲपल सायडर व्हिनेगर दोन-तीन मोठे चमचे. आणि एक स्मोक्ड टर्की विंग किंवा हॅम हॉक. हॅम हॉक म्हणजे डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा तुकडा, मीठ लावून धुरावलेला. शाकाहारी असाल तर खाली वेगळं लिहिलंय.

आता कृती नीट सांगा, एका दमात.

आधी मोठ्या पातेल्यात टर्की विंग किंवा हॉक, १० कप पाणी, अर्धा कांदा आणि तमालपत्र घालून मंद आचेवर झाकून तासभर, जमलं तर दीड तास ठेवा. मीठ घालायचं नाही, त्या मांसात आधीच भरपूर असतं, आणि इथेच नवशिके फसतात. हा जो धुरकट स्टॉक तयार होतो तो अर्धा चवळीला, अर्धा पाल्याला.

चवळीसाठी वेगळ्या पातेल्यात दोन चमचे तेलावर कांदा, सेलरी, ढोबळी मिरची बारीक चिरून मऊ होईपर्यंत परता, लाल करायची नाही, लसूण घाला, थाइम आणि मिरपूड घाला, मग धुतलेली चवळी आणि स्टॉक. चवळीच्या वर दोन बोटं राहील एवढा, कमी पडला तर गरम पाणी. एक उकळी आली की आच कमी. रटरटू द्यायचं नाही, नुसतं बुडबुडं यायला हवं. न भिजवलेली चवळी ४५ मिनिटं ते तासाभरात होते. दाणा बोटांत चेपला की चेपला पाहिजे, पण डोळ्याने पाहिलं तर अख्खा. शेवटी पळीने थोडे दाणे पातेल्याच्या कडेला घोटून परत ढवळा, रस्सा आपोआप दाटसर होतो. मीठ आता चाखून.

पाल्यासाठी कांदा थोडा परतून लसूण आणि चिली फ्लेक्स, मग चार कप स्टॉक, आणि चिरलेला पाला मूठमूठ करत घाला, एक मूठ बसली की दुसरी. झाकण ठेवून मंद आचेवर ४५ मिनिटं ते एक तास. हॉकचं मांस सोडवून यातच टाका. उतरवताना व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. भात बाजूला. झालं.

कॉलर्ड म्हणजे नेमका कुठला पाला? भारतात मिळतो का?

कोबी, फुलकोबी, नवलकोल यांची सख्खी बहीण, एकच जात, फक्त हिचा गड्डा होत नाही, हाताच्या पंजाहून मोठी, जाड, निळसर हिरवी पानं येतात. काश्मीरमध्ये जे हाक खातात ते याच कुळातलं. साउथ कॅरोलायनाने तर २०११ मध्ये कॉलर्डला राज्याची अधिकृत भाजी केलं. थंडीत दव गोठून गेल्यावरची पानं गोडसर लागतात म्हणून डिसेंबर-जानेवारीचा माल सगळ्यात चांगला.

पुण्या-मुंबईत कॉलर्ड सहजी दिसत नाही. पण नवलकोलाबरोबर येणारी पानं, जी भाजीवाला उपटून फेकतो, ती मागून घ्या, अगदी जवळची आहेत. फुलकोबीची आतली कोवळी पानंही चालतात. मोहरीचा पाला आणि सलगमचा पाला तर खुद्द साउथमध्ये खातात, त्यामुळे त्यात पर्याय वगैरे काही नाही, अस्सलच आहे. मुळ्याचा पाला चालेल. पालक नको, पाच मिनिटांत चिखल होतो. मेथी-शेपू तर नकोच नको. आणि चवळीचं जेवण म्हणून कोणी चवळईची पालेभाजी घेऊन येऊ नका, ती वेगळी, गेल्या वर्षी एकाने आणली होती.

निवडायचा कसा? फार माती असते हो त्यात.

असतेच, रेताड जमिनीतला असतो. मिसच्या घरी मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने सिंक बूच लावून गार पाण्याने भरलं होतं, पानं बुडवली, हाताने खालीवर केली, आणि पानं उचलून बाजूला काढली, पाणी नंतर सोडलं. पाणी आधी सोडलं तर वाळू परत पानांवरच बसते. असं तीनदा. तिसऱ्या वेळी तिने सिंकच्या तळावरून बोट फिरवून मला दाखवलं, कचकच नाही म्हणजे झालं. मग मधली जाड शीर, पान दुमडून चाकूने किंवा सरळ हाताने ओढून काढायची, सात-आठ पानं एकावर एक ठेवून वडीच्या अळूसारखी घट्ट गुंडाळी करायची आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. देठं फेकू नका, बारीक चिरून कांद्याबरोबर आधी टाका.

तासभर पालेभाजी शिजवायची? सगळी जीवनसत्त्वं जातील!

हा प्रश्न आईनेही विचारला होता. क जीवनसत्त्व बरंच जातं खरं, पण जे पाण्यात उतरतं ते पाणीच तर प्यायचं असतं. त्या पाण्याला इथे पॉट लिकर म्हणतात, लिकर असलं तरी दारूबिरू नाही, पाल्याचा रस्सा. हिरवट तपकिरी, वर तेलाचे डोळे, चवीला खारट, आंबट, धुरकट, थोडं कडवट. या जेवणातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे, आणि नवीन माणूस हीच सिंकमध्ये ओतून देतो, तेव्हा जीव तुटतो अगदी.

यावरून राजकारण पण झालंय बरं का. १९३१ साली लुइझियानाचा गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटाचं कॉन्स्टिट्यूशन हे वर्तमानपत्र यांच्यात वाद पेटला, पॉट लिकरमध्ये मक्याची भाकर बुडवून खायची की कुस्करून. लाँग बुडवणाऱ्यांचा, अटलांटावाले कुस्करणाऱ्यांचे. आपल्याला हसू येतं, पण भाकरी आमटीत कुस्करायची की तुकड्याने खायची यावरून आमच्या वऱ्हाडातल्या आणि कोल्हापूरच्या दोन घरांत जे चालतं ते पाहता मला लाँगसाहेब अगदी जवळचे वाटतात. मी कुस्करणारा. अटलांटात राहतो म्हणून नाही, लहानपणापासून.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, धुराची चव कुठून आणायची?

माझी बायकोही शाकाहारी, त्यामुळे आमच्याकडे दर वर्षी दोन पातेली होतात आणि खरं सांगायचं तर पाहुणे तिच्या पातेल्याकडे जास्त वळतात. मांसातून तीन गोष्टी मिळतात, धूर, खारटपणा आणि ती जिभेवर राहणारी दाट चव, तिन्ही वेगवेगळ्या आणाव्या लागतात.

दाट चवीसाठी सुके शिताके मशरूम पाच-सहा गरम पाण्यात भिजवून ते पाणी स्टॉक म्हणून, शिवाय चमचाभर सोया सॉस. स्निग्धतेसाठी तेल किंवा बटर थोडं जास्तच घाला, हात आखडू नका, आखडला की पाला उपवासाचा लागतो. धुरासाठी स्मोक्ड पॅप्रिका एक-दीड छोटा चमचा, पण ती गरम तेलात क्षणात जळते म्हणून कांद्यावर टाकून लगेच स्टॉक ओता. लिक्विड स्मोकची बाटली मिळते, त्याचे थेंब मोजायचे, चमचा नाही. पातेल्याला चार-पाच थेंब, एकदा जास्त झालं की सगळं औषधासारखं लागतं.

आणि तिसरा उपाय आपला, धुंगार. शिजलेल्या पाल्यावर छोटी स्टीलची वाटी ठेवा, तिच्यात लाल झालेला कोळसा, वर अर्धा चमचा तूप, आणि पटकन घट्ट झाकण, पाच मिनिटं. कोळसा साधा लाकडाचा घ्या. इथे बार्बेक्यूसाठी लगेच पेटणाऱ्या ब्रिकेट्स मिळतात त्यांना पेटवायचं रसायन लावलेलं असतं, त्या अन्नाजवळ आणू नका. आणि हे काम बाहेर बाल्कनीत किंवा अंगणात करा. आम्ही अपार्टमेंटमध्ये असताना घरात केलं, अलार्म वाजला, अख्खी बिल्डिंग पायजम्यात खाली, फायर ब्रिगेडचे दोन दणकट लोक पातेल्यात डोकावून बघतायत आणि बायको त्यांना धुंगार समजावून सांगतेय. वास चांगला येतोय म्हणाले.

बीफ-पोर्क नको पण चिकन चालतं, तर?

स्मोक्ड टर्की. विंग, नेक, लेग काहीही. इथल्या बऱ्याच घरांत आता हॉकऐवजी टर्कीच घालतात, तब्येतीमुळे, त्यामुळे कोणी नाक मुरडत नाही.

तांदूळ कुठला? बासमती चालेल का?

चालेल, पण बासमतीचा वास मध्ये मध्ये करतो. साधा अमेरिकन लाँग ग्रेन सगळ्यात सरळ. भारतात असाल तर जुना कोलम किंवा सोना मसुरी. आंबेमोहोर, इंद्रायणी नको, चिकट होतात आणि इथे दाणा दाण्यापासून सुटा हवा.

मूळ हौसच करायची तर कॅरोलायना गोल्ड. साळ पिकली की शेत सोनेरी दिसतं म्हणून नाव गोल्ड, तांदूळ पांढराच. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर याची मोठमोठी शेतं होती आणि ती उभी केली पश्चिम आफ्रिकेच्या भातपिकाच्या भागातून आणलेल्या गुलामांनी. बांध घालायचे, भरती-ओहोटीच्या हिशोबाने लाकडी दारं उघडायची-मिटायची, शेतात पाणी घ्यायचं आणि सोडायचं. कोकणात किंवा गोव्यात खाजण पाहिलेल्या माणसाला ते चित्र लगेच डोळ्यासमोर येईल, फक्त इथे राबणाऱ्याला मजुरी नव्हती, आणि डास, साप, हिवताप होता. चार्ल्स्टनचे मोठे मोठे वाडे त्या तांदळाच्या पैशावर उभे राहिले. गुलामगिरी संपली तशी ती शेती ढासळली, आणि हा तांदूळ जवळजवळ गेलाच होता, १९८० च्या दशकात काही लोकांनी तो परत लावायला घेतला. महाग आहे, वर्षातून एकदाच आणतो.

चवळी आणि भात एकत्र शिजवायचा की वेगळा?

हॉपिन जॉन म्हणायचं तर एकत्रच, खिचडीसारखा नाही तर पुलावासारखा. (इथे किनाऱ्यावर भाताच्या अशा पदार्थांना पर्लो म्हणतात, तो शब्द आणि आपला पुलाव एकाच मुळाचे.) चवळी जवळजवळ शिजली की गाळून तिचं पाणी मोजा, २ कप तांदळाला पावणेचार कप, तांदूळ धुऊन घाला, चवळी परत घाला, एक उकळी, मग अगदी मंद आच, झाकण, अठरा-वीस मिनिटं, गॅस बंद करून अजून दहा. मध्ये झाकण उघडून बघायचं नाही, ढवळायचं तर मुळीच नाही. पहिल्यांदा करत असाल तर वेगळाच करा, एकत्र केलेला बिघडला की त्याचा गिच्च गोळा होतो.

प्रेशर कुकरमध्ये केलं तर?

चवळी करा खुशाल, न भिजवता दोन-तीन शिट्ट्या, कुकर आपोआप सुटू द्या. लाल बारीक चवळीला एखादी जास्त. जास्त शिट्ट्या झाल्या तर पिठलं होईल. पाला पण होतो, पंधरा मिनिटांत, पण पॉट लिकरला ती चव येत नाही, पाणचट राहतं. मी वेळ नसेल तर चवळी कुकरमध्ये आणि पाला पातेल्यात असं करतो.

चवळी दोन तास झाले तरी कडकच आहे, काय चुकलं?

बहुतेक चवळी म्हातारी आहे. पिशवी कपाटात दोन-तीन वर्षं पडलेली असेल तर ती देवालाही शिजत नाही. दुसरं कारण म्हणजे आंबट आधी घातलं, टोमॅटो किंवा व्हिनेगर, ते नेहमी शेवटी. तिसरं म्हणजे पाणी जड आहे, तेव्हा अगदी चिमूटभर खायचा सोडा, जास्त नको, साबणासारखं लागतं. मीठ आधी घातल्याने शिजत नाही ही मात्र अफवा, मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कडधान्य उलट साल न फुटता मऊ होतं.

राजमा घातलेला प्रकार पाहिला होता, तो हाच का?

तो न्यू ऑर्लिन्सचा, रेड बीन्स अँड राइस, भाऊबंद पण वेगळा. तिथे तो सोमवारी करतात. सोमवार हा धुण्याचा दिवस, रविवारच्या हॅमचं हाड उरलेलं, मग बीन्स आणि हाड पातेल्यात टाकून चुलीवर सोडून द्यायचं आणि बायका कपड्यांच्या मागे. आजही तिथल्या हॉटेलांत सोमवारी हाच बेत दिसतो. लुई आर्मस्ट्राँग हा न्यू ऑर्लिन्सचा ट्रम्पेटवाला, तो पत्राच्या शेवटी सही करताना 'रेड बीन्स अँड राइसली युअर्स' असं लिहायचा, एवढं प्रेम. हा राजमा मलईदार हवा, म्हणून अर्धा घोटतात, आणि अंडुई नावाचं स्मोक्ड सॉसेज घालतात. या शहराच्या खाण्यात हैतीचा मोठा हात आहे, तिथल्या क्रांतीनंतर पळालेले हजारो लोक १८०९ च्या सुमारास क्युबामार्गे इथे आले.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. राजमा स्लो कुकरमध्ये कच्चा टाकू नका. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी लेक्टिन असतं, स्लो कुकरच्या मंद तापमानात ते जात नाही, उलट अर्धवट शिजल्याने वाढूही शकतं, आणि पाच-सहा दाण्यांनीही उलट्या लागू शकतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नवीन पाण्यात खळखळ उकळा, दहा मिनिटं तरी, अमेरिकेची अन्न-औषध संस्था एफडीए तर तीस म्हणते. मग काय तो स्लो कुकर. आपण कुकरमध्ये सहा शिट्ट्या देतो म्हणून आपल्याला हे कधी माहीतच नसतं.

कॉर्नब्रेडला कॉर्नफ्लोअर आणलं तर चालेल?

नाही! भारतात कॉर्नफ्लोअर म्हणून जे मिळतं ते स्टार्च, सूप दाट करायचं. लागतं ते कॉर्नमील, मक्याचा बारीक रवाळ भरडा. भारतात बारीक मका रवा बघा, नाहीतर मक्याच्या भाकरीचं पीठ निम्मं आणि रवा निम्मा.

२ कप कॉर्नमील, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, मीठ, दोन अंडी, दीड कप ताक (इथलं बटरमिल्क दाट आणि आंबट असतं, घरी दह्यात थोडंच पाणी घालून घुसळा) आणि चार मोठे चमचे वितळलेलं बटर. ओव्हन ४२५ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २२० सेल्सिअस, आत बिडाची कढई रिकामीच तापत ठेवा. तापली की तिच्यात चमचाभर तेल, आणि मिश्रण ओतताना चर्रर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर खालचं खमंग कवच विसरा. वीस-पंचवीस मिनिटं. साखर घालायची का यावर इथे भांडणं होतात, मिसच्या मते साखर घातली की तो केक झाला, मी तिच्या बाजूचा.

वर तिखट काय घ्यायचं?

बाटलीत हिरव्या मिरच्या ठासून भरा, वर गरम व्हिनेगर, आठवडाभर ठेवा, तेच पाल्यावर शिंपडायचं. नाहीतर लुइझियानाचा क्रिस्टल किंवा टबॅस्को हा तिखट सॉस. टेक्सस पीट पण चांगला, फक्त तो टेक्ससचा नाही, नॉर्थ कॅरोलायनाचा आहे, नावावर जाऊ नका. ठेचा? मी घेतो चोरून.

१ जानेवारीलाच का खातात?

चवळी म्हणजे नाणी, पाला म्हणजे नोटा, कॉर्नब्रेड म्हणजे सोनं, वर्षभर पैसा टिकतो अशी समजूत. पण या तारखेला दुसरा पदर आहे. गुलामगिरीच्या काळात १ जानेवारी हा गुलामांना वर्षभरासाठी दुसऱ्याकडे भाड्याने देण्याचा दिवस असायचा, घरंच्या घरं त्या दिवशी तुटायची. आणि मग ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री कृष्णवर्णीय लोक चर्चमध्ये जागत बसले, कारण दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८६३ ला लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. ती जागरणाची रात्र अजून पाळतात, वॉच नाइट. मिस दर वर्षी चर्चमधून रात्री एकला येते आणि आल्या आल्या पातेलं चढवते. म्हणून नुसतं 'लकी फूड' म्हणून फोटो टाकणाऱ्यांचा मला जरा रागच येतो, पण असो, खा, जरूर खा.

गॅसेस होतात, काही उपाय?

भिजवून पाणी फेका, हळू शिजवा, आणि रोज थोडं थोडं खायची सवय करा. हिंग सगळ्यांनाच सुचतो, मी घालत नाही.

घरात वडील रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात, त्यांना पाला चालेल?

गोळी वॉर्फरिन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कॉलर्डमध्ये के जीवनसत्त्व प्रचंड असतं आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं, एकदम वाटीभर खाणं बरोबर नाही.

उरलं तर किती दिवस टिकतं?

शिजलेला भात आणि चवळी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, त्यात होणाऱ्या जंतूंचं विष परत गरम केल्याने जात नाही. दुसऱ्या दिवशीच्या उरलेल्या हॉपिन जॉनला इथे वेगळं नाव आहे, स्किपिन जेनी, आणि ती आदल्या दिवसापेक्षा चांगली लागते, आपल्या शिळ्या आमटीसारखं. बिडाच्या तव्यावर थोड्या तेलात खालून खरपूस करून घ्या.

आणि पॉट लिकर उरलं तर?

बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, आमटीत दोन खडे टाका. बायको तर त्यात भाजणी भिजवून थालीपीठं लावते, वर लोणी. गेल्या वर्षी मिसला डब्यातून चार पाठवली होती, संध्याकाळी डबा परत आला तो धुऊन, आणि आत चिठ्ठी होती की पुढच्या वेळी आठ पाठव.